हद्द सरकली, शाळा बदलली: वाचकांचे प्रश्न आणि ताईची उत्तरं

या वेळच्या टपालात (ईमेलच असतात, पण आपण टपालच म्हणतो) निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आलीत आणि त्यातली बहुतेक नॉर्थ कॅरोलायनाच्या वेक काउंटीतून, म्हणजे आपल्या केरी, मॉरिसव्हिल, एपेक्सच्या मंडळींकडून. साहजिकच आहे, शरद ऋतू आला की तिकडे पुढच्या वर्षीच्या शाळांच्या हद्दींचा, म्हणजे कुठल्या पत्त्याला कुठली सरकारी शाळा याचा, ड्राफ्ट येतो आणि मग गणपतीत एकत्र आरती केलेले लोक नकाशावरच्या एका रेषेवरून एकमेकांशी बोलेनासे होतात. म्हणून यंदा सगळं सदर त्यालाच दिलंय. बाकीच्यांनी रागावू नका, तुमचे दाबेलीचे आणि व्हिसाचे प्रश्न पुढच्या अंकात.

ताई, आम्ही मॉरिसव्हिलमध्ये घर घेतलं ते खास शाळेसाठी. बजेटच्या बाहेर जाऊन घेतलं, कारण शाळा चालत जाण्यासारखी होती. आता नवीन ड्राफ्टमध्ये नकाशातला आमचा तुकडा, म्हणजे नोड, दुसऱ्याच शाळेला लावलाय. सबडिव्हिजनचा, म्हणजे आमच्या कॉलनीचा, व्हॉट्सअॅप ग्रुप नुसता पेटलाय, कोणी म्हणतं वकील करू, कोणी म्हणतं पिटिशन. घेतलेल्या घराची शाळा अशी काढून घेता येते का हो? – एक आई

येते. आधी कडू औषध देते आणि मग पुढचं सांगते. घराच्या कागदपत्रात शाळेचं नाव कुठेही नसतं, आणि कुठल्या पत्त्याचं मूल कुठल्या शाळेत हे ठरवायचा अधिकार राज्याच्या कायद्यानेच स्कूल बोर्डाला दिलेला आहे. त्यामुळे "आम्ही पैसे मोजलेत" हा मुद्दा वकिलाच्या फीपलीकडे फारसा जात नाही.

आता हे दर एक-दोन वर्षांनी का होतं ते बघा. २०१० च्या जनगणनेत वेक काउंटीत ९ लाख माणसं होती, २०२० ला ११ लाख २९ हजार. दहा वर्षांत सव्वादोन लाख माणसं वाढली आणि त्यात आपणही आलोच ना, आरटीपीतल्या (रिसर्च ट्रँगल पार्कमधल्या) नोकऱ्यांसाठी. काउंटीच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेत, सुमारे १ लाख ६० हजार मुलं आहेत, राज्यातला सगळ्यात मोठा डिस्ट्रिक्ट. आणि ही वाढ सगळीकडे सारखी झाली असती तर प्रश्नच नव्हता, पण ती झाली पश्चिमेला आणि दक्षिणेला, म्हणजे एका टोकाला शाळेच्या मागच्या मैदानात ट्रेलर लावून वर्ग भरतात, पहिल्या तुकडीचा लंच साडेदहाला सुरू होतो कारण कॅफेटेरियात सगळे मावत नाहीत, कारपूलची रांग मेन रोडवर येते, आणि त्याच काउंटीत दुसऱ्या टोकाला वर्ग रिकामे. मग नवीन शाळा उघडली की ती भरायला आजूबाजूच्या चार-पाच शाळांमधून मुलं उचलावी लागतात आणि त्या चार-पाच शाळांत झालेल्या जागेत आणखी कुणाला तरी आणावं लागतं. एक शाळा उघडते आणि पाच शाळांचे नकाशे हलतात.

नकाशा नोडमध्ये वाटलेला असतो, नोड म्हणजे साधारण एखादी सबडिव्हिजन किंवा तिचा तुकडा. एक नोड इकडून तिकडे केला तर किती मुलं हलतात ते डिस्ट्रिक्टच्या स्टाफकडे तयार असतं. बोर्डाच्या धोरणात चार गोष्टी लिहिलेल्या आहेत: मुलांचा अभ्यास, स्थिरता, अंतर आणि कारभारातली काटकसर. या चारांपैकी कशाला तरी धरून बोललात तर तुमचं म्हणणं कागदावर येतं. घराची किंमत या चारांत नाही, ग्रेटस्कूल्स या वेबसाइटचं शाळांचं रेटिंगही नाही.

म्हणून पिटिशनवर हजार सह्या गोळा करण्यापेक्षा असं काहीतरी लिहा: आमच्या नोडमधून सध्याच्या शाळेपर्यंत सलग फूटपाथ आहे आणि बरीच मुलं चालत जातात, नवीन शाळेसाठी मोठा रस्ता ओलांडावा लागेल म्हणजे सगळ्यांना बस द्यावी लागेल, आणि आमच्या सबडिव्हिजनचं बांधकाम पूर्ण झालंय त्यामुळे इथून आणखी मुलं वाढणार नाहीत, उलट शेजारच्या नोडमध्ये अजून घरं उठतायत. यात अंतर आलं, काटकसर आली आणि स्टाफला तपासता येईल अशी माहिती आली. मूल आधीच एकदा हलवलं गेलं असेल तर तेही लिहा, तो स्थिरतेचा मुद्दा आहे आणि माझ्या मते सगळ्यात भारी मुद्दा आहे.

आणि हे पहिल्या ड्राफ्टलाच करा. स्टाफ पहिला ड्राफ्ट काढतं, ऑनलाइन कॉमेंट घेतं, मग दुसरा काढतं, असं करत करत शेवटी बोर्डाचं मत पडतं. नकाशा हलतो तो सुरुवातीच्या ड्राफ्टमध्ये. आपले लोक जागे होतात ते शेवटच्या हिअरिंगला (जाहीर सुनावणीला), एकसारखे टीशर्ट घालून, म्हणजे वरातीमागून घोडं.

एपेक्सकडे न्यू कन्स्ट्रक्शन बघतोय. रिअल्टर (घरांचा एजंट) म्हणतो शाळा पक्की आहे, बिल्डरच्या माहितीपत्रकातही शाळांची नावं आहेत. विश्वास ठेवावा का? – पहिलं घर

माहितीपत्रकाच्या तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात काय लिहिलंय ते आधी वाचा, शाळा बदलू शकतात असं तिथे जवळजवळ नेहमी असतं. डिस्ट्रिक्टच्या साइटवर पत्ता टाकून बेस स्कूल, म्हणजे त्या पत्त्याला ठरलेली शाळा, तुम्हीच बघा आणि त्यापुढची गोष्ट, जी कोणीच विचारत नाही, ती विचारा: ही शाळा कॅप केलेली आहे का? कॅप म्हणजे शाळा भरली. कॅपच्या तारखेनंतर त्या हद्दीत राहायला आलेल्या मुलाला ठरवून दिलेल्या ओव्हरफ्लो शाळेत पाठवतात, मग तुमच्या बाल्कनीतून बेस स्कूलचा फ्लॅगपोल का दिसेना. इथे अनेकांची फसगत होते, कारण नकाशावर हद्द बरोबर असते, रिअल्टरही खोटं बोललेला नसतो आणि तरी मूल वेगळ्याच शाळेच्या बसमध्ये बसतं. ओव्हरफ्लो शाळा कुठली, किती लांब, तिचं कॅलेंडर कोणतं हे घर घ्यायच्या आधी बघून या. ती शाळा चालणार असेल तरच घर घ्या असं माझं स्पष्ट मत.

नमस्कार. मी पुण्याहून सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलोय. इथे घरात रोज या शाळेवरून चर्चा, सूनबाई तर जेवताना पण लॅपटॉपवर नकाशा बघते. सरकारी शाळेसाठी एवढी मारामारी मी प्रथमच पाहतो. आमच्याकडे लोक सरकारी शाळा टाळण्यासाठी धडपडतात. ट्रस्टींना भेटून, थोडंफार डोनेशन देऊन काही होत नाही का? – एक आजोबा

काका, तुमचं पत्र वाचून खूप हसले, पण प्रश्न अगदी बरोबर जागी आहे. नाही, डोनेशनने होत नाही, पीटीएला (पालक-शिक्षक संघाला) देणगी जरूर द्या, मुलांना खेळाचं सामान येईल, पण सीट मिळणार नाही. इथे पत्ता हाच प्रवेश. आणि गंमत अशी की डोनेशन दिलं जातंच, फक्त ते घराच्या किमतीत दिलं जातं आणि बँक तीस वर्षं व्याजासकट वसूल करते.

अंतरावरून शाळा ही कल्पना आपल्याकडेही आहे बरं का. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) नियमात महाराष्ट्रात पहिली ते पाचवीला एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी असं धरलंय, आणि खाजगी शाळांतल्या २५ टक्के जागांसाठी गुगल मॅपवरचं लोकेशन घराच्या जवळ यावं म्हणून पालक काय काय करतात ते तुम्ही पुण्यात ऐकलंच असेल. २०२४ मध्ये राज्याने नियम बदलून सरकारी शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट दिली होती, मुंबई हायकोर्टाने ती रद्द केली. म्हणजे एका किलोमीटरची भांडणं आपल्याकडेही कोर्टापर्यंत जातात.

सूनबाईंना मात्र जेवताना नका बोलू. कॉमेंट द्यायची मुदत संपली की लॅपटॉप आपोआप बंद होईल.

मुलगी दहावीत आहे, ऑर्केस्ट्रामध्ये आहे, मित्रमैत्रिणी सगळे इथे. पुढच्या वर्षीपासून आमचा भाग दुसऱ्या हायस्कूलला जातोय. ती रडून रडून बेजार आहे. काही मार्ग? – काळजीत बाबा

मार्ग आहे. ज्यांची बेस स्कूल बदलते त्यांना आहे त्याच शाळेत राहण्यासाठी अर्ज करता येतो, त्याला स्टॅबिलिटी ट्रान्सफर म्हणतात. कोणाला मिळेल, कुठल्या इयत्तेला मिळेल हे त्या वर्षीच्या प्रस्तावात लिहिलेलं असतं म्हणून तेवढी दोन पानं नीट वाचा. मेख एकच, साधारणपणे बस मिळत नाही, म्हणजे सकाळ-संध्याकाळ गाडी तुम्ही काढायची. त्याच कॉलनीतली अशीच अडकलेली दोन-तीन घरं शोधा आणि पाळ्या लावा, मुलगी सोळाची झाली की लायसन्सचं प्रकरण सुरू होईलच.

अगदी नवं हायस्कूल उघडत असेल तर सहसा वरचे वर्ग सुरुवातीला घेतच नाहीत. केरीतलं ग्रीन लेव्हल हायस्कूल २०१९ ला उघडलं ते नववी-दहावीवरच. त्यामुळे धाकटा भाऊ नवीन शाळेत आणि ताई जुन्या शाळेत अशी वाटणी होऊ शकते, दोन शाळा, दोन वेळा, दोन बँड कॉन्सर्ट एकाच संध्याकाळी. त्याची मनाची तयारी ठेवा.

स्पष्टच लिहिते. आमच्या शाळेत आता पलीकडच्या अपार्टमेंटमधली मुलं येणार म्हणतात. आम्ही कष्टाने इथवर आलो, आमच्या मुलांच्या शाळेचा दर्जा का घसरू द्यायचा? हे डायव्हर्सिटीच्या नावाखाली चाललंय का? – नाव देत नाही

नाव दिलं नाहीत ते बरं केलंत, कारण मीही स्पष्टच लिहिणार आहे. त्या अपार्टमेंटमध्ये कोण राहतं? दहा वर्षांपूर्वी एच-वन व्हिसावर आलेले आपण सगळे अशाच दोन बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये भाड्याने राहत होतो, तेव्हा आपली मुलं कुणाच्या तरी "आमच्या शाळेत" जात होती. तुमच्या पत्रात मुलांच्या अभ्यासाबद्दल एक ओळ नाही, पत्ता कुठला त्याबद्दल आहे.

आता इतिहास, कारण या डिस्ट्रिक्टचा तो खरोखर मोठा आहे. १९७६ मध्ये रॅले शहराचा आणि काउंटीचा असे दोन डिस्ट्रिक्ट एकत्र केले, नाहीतर शहरात गरीब आणि बाहेर श्रीमंत अशी कायमची फाळणी झाली असती. २००० साली बोर्डाने मुलांना शाळा देताना वंशाऐवजी उत्पन्न धरलं: कुठल्याही शाळेत मोफत किंवा सवलतीच्या जेवणाची मुलं ४० टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत असं उद्दिष्ट. देशभरात त्याची चर्चा झाली. पण त्यासाठी मुलं लांब लांब पाठवली जायची आणि वाढत्या वस्तीमुळे वारंवार हलवली जायची, त्याचा राग साठत गेला आणि २००९ च्या निवडणुकीत बोर्डाचं बहुमत बदललं, २०१० मध्ये ते धोरण मोडीत निघालं. मोर्चे निघाले, बोर्डाच्या मीटिंगमध्ये अटका झाल्या. मधल्या काळात, २००७ मध्ये, सियाटलच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकेका मुलाचा वंश बघून शाळा देण्याला बऱ्यापैकी अटकाव केला होता.

तेव्हा सध्याचा तुमचा नकाशा हा मुख्यतः बाकं किती आणि मुलं किती याचा हिशोब आहे. अपार्टमेंट तुमच्या शाळेपासून जवळ असेल तर ती मुलं तिथेच येणार, ज्या अंतराच्या मुद्द्यावर तुम्ही स्वतःची जागा मागताय त्याच मुद्द्यावर. बोर्डासमोर हे पत्र वाचून दाखवू नका, आपल्या सगळ्या देशी मंडळींचं तोंड काळं होईल.

शाळा भरलेल्या असताना टाउन नवीन टाउनहोम्सना परवानगी देतंच कशी? कोणी थांबवत का नाही? – चिडलेला करदाता

कारण तीन वेगळी घरं आहेत आणि तिघांचे चुलखंड वेगळे. घरं बांधायला परवानगी देतं टाउन. शाळा बांधायचे पैसे देते काउंटी. शाळा चालवतं आणि हद्दी आखतं स्कूल बोर्ड, ज्याला नॉर्थ कॅरोलायनात स्वतःचा कर लावायचा अधिकारच नाही. त्यामुळे बोर्डावर ओरडणारे अर्धे लोक चुकीच्या दारात उभे असतात.

"शाळेत जागा नसेल तर बिल्डरने पैसे भरावेत" हा प्रयोग शार्लटजवळच्या कबॅरस काउंटीने केला होता, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये तो उडवून लावला, काउंटीला तसा अधिकार विधिमंडळाने दिलेलाच नाही म्हणून. मेरीलँडमध्ये वेगळं आहे, तिथल्या हॉवर्ड काउंटीत शाळा ठरावीक प्रमाणापलीकडे भरली की त्या भागातली नवी बांधकामं काही वर्षं थांबवून धरता येतात. तरीही त्याच हॉवर्डमध्ये २०१९ ला हद्दींवरून एवढं मोठं रणकंदन झालं की विचारू नका, त्यामुळे हाही रामबाण उपाय नव्हे. त्यात २०१६ नंतर आपल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याने के (बालवाडी) ते तिसरीच्या वर्गात मुलं कमी असावीत असा कायदा केला, हेतू उत्तमच, पण त्याच इमारतीत आता कमी मुलं मावतात आणि जास्तीच्या खोल्यांचे पैसे कोण देणार ते काउंटीने बघायचं.

पैसे येतात ते बाँडमधून (कर्जरोख्यांतून), आणि बाँडवर लोक मत देतात. वेकमध्ये २०१३ ला ८१ कोटी डॉलर, २०१८ ला ५४ कोटी ८० लाख, २०२२ ला ५३ कोटी ७ लाखांचा शाळांचा बाँड मतदारांनी मंजूर केला. आपल्यातले बरेच जण अजून व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर आहेत, त्यांना मत नाही, ते खरंच. पण ज्यांना सिटिझनशिप मिळाली आहे त्यांच्यातले किती जण बोर्डाच्या नऊ जागांसाठी मत देताना उमेदवाराचं नाव तरी आधी वाचतात? प्रेसिडेंटला मत देऊन रांगेतून घरी येतात. आणि मत नसलं तरी हिअरिंगला बोलता येतं, कॉमेंट लिहिता येते, तिथे कोणी पासपोर्ट मागत नाही. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही विकले जात नाहीत.

आमच्याकडे उलटं आहे हो, कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला. शाळेसाठी जीव टाकून घर घेतलं आणि मुलं कमी म्हणून शाळाच बंद! – बे एरिया

हो, क्युपर्टिनो युनियन या डिस्ट्रिक्टने २०२२ मध्ये रेग्नार्ट आणि मायरहोल्झ या दोन प्राथमिक शाळा बंद केल्या ना. घरं इतकी महाग झाली की लहान मुलं असलेल्या जोडप्यांना तिथे घर घेणंच जमेना, आणि मोठ्या झालेल्या मुलांचे आईबाप घर सोडत नाहीत कारण जुन्या घरमालकांना घरावरचा कर कमी आहे. त्याच भागात फ्रीमाँटला २००० च्या सुमारास मिशन सॅन होजे हायस्कूलच्या हद्दीवरून पालकांची वेगळ्या डिस्ट्रिक्टची मागणी करण्यापर्यंत मजल गेली होती, ते काही झालं नाही. केरीच्या वाचकांनी हे पत्र दोनदा वाचा. आज ट्रेलर लावलेत तिथे वीस वर्षांनी काय असेल याचा भरवसा कुणी देऊ नये, आणि म्हणूनच बोर्डं नवीन इमारत बांधायच्या आधी जुन्या रिकाम्या बाकांकडे बघतात, त्याचा राग आला तरी.

नवीन शाळा इयर-राउंड आहे म्हणे, चार ट्रॅक. हे काय असतं? दोन मुलं वेगळ्या ट्रॅकवर गेली तर? भारतात कधी जायचं? – गोंधळलेली

मल्टी-ट्रॅक म्हणजे मुलांचे चार गट, साधारण ४५ दिवस शाळा आणि १५ दिवस सुट्टी, आणि कुठल्याही वेळी तीन गट शाळेत, एक सुट्टीवर. त्यामुळे एकाच इमारतीत हिशोबाने तिसरा हिस्सा जास्त मुलं बसतात, नवीन इमारत न बांधता. वर्ष जुलैत सुरू होतं. २००७ मध्ये डिस्ट्रिक्टने एकदम बऱ्याच शाळा अशा करून टाकल्या तेव्हा पालक कोर्टात गेले होते, पालकांची संमती लागते म्हणून, खालच्या कोर्टात जिंकलेही, पण २००९ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने संमती लागत नाही असं सांगितलं. तर तो रस्ता बंद आहे. कॅलेंडर बदलून हवं असेल तर वेगळ्या कॅलेंडरच्या शाळेसाठी अर्ज करता येतो, जागा असेल तर मिळते.

भावंडं शक्यतो एका ट्रॅकवर ठेवतात, पण एक प्राथमिकला इयर-राउंड आणि दुसरं मिडल स्कूलला पारंपरिक, असं झालं की सुट्ट्या जुळत नाहीत, तेव्हा अर्ज भरताना दोघांची कॅलेंडरं शेजारी शेजारी ठेवून बघा. ट्रॅक-आउटच्या (म्हणजे ट्रॅकच्या सुट्टीतल्या) कॅम्पचे पैसे आधीच धरून चाला, ते स्वस्त नाहीत आणि लवकर भरतात. भारताचं मात्र मला उलट बरं वाटतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या आसपास सुट्टी येणारा ट्रॅक मिळाला तर दिवाळीला आजीकडे जाता येतं, जूनच्या गर्दीतली तिकिटं घ्यायला लागत नाहीत. तिकीट मात्र ट्रॅकचं पत्र हातात आल्यावरच काढा.